सायकलने किनाऱ्यापर्यंत, कॅनूने मासेमारीला: आखणीपासून परतीपर्यंत

सायकलच्या मागे कॅनू, म्हणजे वल्ह्याने चालवायची निमुळती हलकी होडी, जोडून समुद्रकिनारी जायचे, पाण्यात उतरून मासे धरायचे आणि त्याच सायकलने घरी परतायचे, ही एका सफरीत गुंफलेली तीन निरनिराळी कामे आहेत. एकेकटे पाहिले तर यातले कोणतेही काम फार अवघड नाही. ती एकामागून एक करावी लागतात, तेव्हा मात्र शरीराचा हिशेब चुकतो, कारण चार तास वल्हवून आलेल्या माणसापुढे परतीचा चढ उभा असतो आणि चढाने दमलेल्या माणसाला लाटांतून कॅनू काढायची असते. म्हणून या सफरीची आखणी शेवटाकडून सुरुवातीकडे करावी, असे माझे ठाम मत आहे. आधी किनाऱ्याला परत लागण्याची वेळ ठरवावी, तिच्यावरून पाण्यात उतरण्याची आणि तिच्यावरून घरून निघण्याची. ज्यांना पोहता येते, भार लादलेली सायकल चालवण्याचा सराव आहे आणि शांत पाण्यात कॅनू हाताळता येते, अशा वाचकांना समोर ठेवून हा लेख लिहिला आहे. यांपैकी एखादी गोष्ट येत नसेल, तर ती आधी तळ्यात किंवा मोकळ्या रस्त्यावर वेगळी शिकून घ्यावी.

दिवस आणि वेळ निवडणे

सुरुवात भरती-ओहोटीच्या तक्त्यापासून करावी. बहुतेक किनाऱ्यांवर दिवसाकाठी दोन भरत्या आणि दोन ओहोट्या येतात, दोन भरत्यांमध्ये सुमारे १२ तास २५ मिनिटांचे अंतर असते आणि त्यामुळे भरतीची वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते. तक्त्यातली वेळ ज्या बंदराची असेल, त्या बंदराची आणि आपल्या किनाऱ्याची वेळ एकच असेल असे गृहीत धरू नये. खाडीत आत जावे तसतशी भरती उशिरा पोहोचते.

पाणी सगळ्या तासांत सारखे चढत वा उतरत नाही. ओहोटी ते भरती या सहा तासांत एकूण चढाचे बारा भाग कल्पिले, तर पहिल्या तासात एक, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या आणि चौथ्यात प्रत्येकी तीन, पाचव्यात दोन आणि सहाव्यात एक भाग पाणी चढते. चढ ३ मीटरचा असेल, तर पहिल्या तासात पाणी जेमतेम २५ सेंटिमीटर वाढते, पण मधल्या दोन तासांत दीड मीटर. प्रवाहही याच मधल्या तासांत सर्वांत जोराचा असतो. वल्हवणाऱ्या माणसाचा वेग ताशी ४ ते ५ किलोमीटर धरला, तर खाडीच्या अरुंद मुखाशी हा प्रवाह त्याला जागच्या जागी थोपवून धरू शकतो.

अमावास्या आणि पौर्णिमेच्या आसपास उधाण असते, तर अष्टमीच्या सुमारास भांगाची, म्हणजे लहान भरती असते. पहिल्या सफरीसाठी भांगाचे दिवस बरे, कारण पाण्याची चढउतार कमी आणि प्रवाह मंद असतो. त्यातही पहाटे ओहोटी संपत असेल आणि सकाळी दहा-अकराच्या सुमारास पूर्ण भरती येत असेल, तर फारच उत्तम: जाताना पाणी संथ असते, येताना चढते पाणी आपल्याला किनाऱ्याकडे आणते आणि कॅनू चिखलातून लांबवर ओढावी लागत नाही. या दोन्ही अटी एकत्र जुळतीलच असे नाही, कारण एखाद्या ठिकाणी उधाणाच्या पूर्ण भरतीची घड्याळातली वेळ जवळपास ठरलेली असते आणि भांगाची तिच्यापासून सुमारे सहा तास दूर असते. त्या जुळल्या नाहीत, तर भरतीची सोय सोडावी, पण वाऱ्याची वेळ सोडू नये.

वाऱ्याचे महत्त्व इतके का, हे समजून घ्यायला हवे. दिवसा जमीन तापली की समुद्रावरून खारे वारे सुरू होतात, दुपारी त्यांचा जोर सर्वाधिक असतो आणि संध्याकाळी ते पडतात. रात्री जमीन निवली की मतलई वारे समुद्राकडे वाहू लागतात. पहाट आणि सकाळ म्हणूनच कॅनूची वेळ होय. मात्र मतलई वाऱ्याचा एक धोका असा, की किनाऱ्यालगतचे पाणी त्याच्या आडोशामुळे गुळगुळीत दिसते, आणि जसजसे बाहेर जावे तसतसा वारा वाढतो व आपल्याला आणखी बाहेर ढकलतो. जमिनीकडून वारा जाणवण्याइतका वाहत असेल, तर बाहेर जाऊच नये, खाडीच्या आत मासेमारी करावी. एरवीही उघड्या कॅनूसाठी मी १० नॉटच्या, म्हणजे ताशी सुमारे १८ किलोमीटरच्या आतला वारा धरतो. त्यापुढे लाटांचे माथे जागोजागी पांढरे फुटू लागतात आणि कडेवरून पाणी आत येते.

हवामानाच्या अंदाजात लाटांची उंची पाहताना दोन लाटांमधला अवधीही पाहावा. एक मीटर उंचीच्या लाटा १२ सेकंदांच्या अंतराने येत असतील, तर त्या दूरवरून आलेल्या असतात आणि उथळ पाण्यात शिरताच उंच होऊन जोरात फुटतात. तेवढ्याच उंचीच्या पण ६ सेकंदांनी येणाऱ्या लाटा खोल पाण्यात जास्त खडबडीत वाटतात, पण किनाऱ्यावर कमी घात करतात.

कॅनू आणि सामानाचे वजन

एका माणसाची हलकी कॅनू साधारण १५ ते २५ किलोची असते, तर दोन माणसांची प्लास्टिकची कॅनू ३० ते ४० किलोपर्यंत जाते. त्यात ट्रेलरचे, म्हणजे कॅनू वाहून नेणाऱ्या मागच्या गाड्याचे, दहाएक किलो, गळ, वल्ही, नांगर, बर्फ, पिण्याचे पाणी आणि कपडे मिळवले, की सायकलमागे ६० किलो सहज होतात. स्वार आणि सायकल मिळून ९० किलो असतील, तर या भारासह चढ चढायला दीडपटीहून अधिक श्रम पडतात. सायकलचा सर्वांत हलका गिअर पुढे २८ दात्यांचा आणि मागे ३४ दात्यांचा असेल, तर हे जमते. रस्त्यावर वेगाने पळवण्याच्या सायकलचे गिअर इथे गुडघ्यांवर येतात.

कुठे वजन वाचवावे आणि कुठे नाही, हे स्पष्ट हवे. स्वयंपाकाचे सामान, दुसरा गळ आणि जड पेटी घरी ठेवावी. लाइफ जॅकेट, जादा वल्हे, पाणी उपसायचे भांडे, चाकू, शिट्टी आणि कॅनूच्या दोन्ही टोकांत बांधायच्या हवेच्या पिशव्या यांत कपात करू नये. या पिशव्यांचे काम नीट ध्यानात घ्यावे. उघड्या कॅनूत अर्धवट पाणी भरले तरी ते दोनशे लिटर, म्हणजे दोनशे किलो होऊ शकते, आणि ते पाणी लाटेसरशी एका टोकाकडून दुसऱ्याकडे धावते. पिशव्यांनी तेवढी जागा आधीच व्यापली, तर पाणी कमी शिरते आणि उलटलेली कॅनू उंच तरंगते, म्हणून तिच्यात पुन्हा चढता येते. पिशव्या नुसत्या कोंबून ठेवल्या, तर उलटताच निसटून जातात. त्या जाळीने किंवा पट्ट्यांनी कॅनूच्या अंगाला आवळाव्या लागतात.

कपडे हवेच्या तापमानाप्रमाणे नव्हे, पाण्याच्या तापमानाप्रमाणे घालावेत. १५ अंश सेल्सियसपेक्षा थंड पाण्यात अचानक पडल्यास पहिल्या मिनिटभरात श्वास आवरत नाही, दहाएक मिनिटांत बोटे कामातून जातात आणि नंतर शरीर हळूहळू गारठते. अशा पाण्यासाठी वेटसूट (भिजला तरी ऊब राखणारा रबरी पोशाख) किंवा ड्रायसूट (पाणी आत न शिरू देणारा पोशाख) हवाच. मात्र तो किनाऱ्यावर पोहोचल्यावर चढवावा; तो घालून सायकल चालवली, तर घामाने अंगातले पाणी कमी होते.

संपर्कासाठी जलरोधक पिशवीतला फोन आणि शक्य असल्यास हातातला व्हीएचएफ रेडिओ, म्हणजे समुद्रावर बोलायचा बिनतारी संच, ठेवावा. संकटकाळी हाक देण्याची वाहिनी १६ आहे. अनेक देशांत या रेडिओसाठी परवाना लागतो. पाण्यालगत बसलेल्या माणसाच्या रेडिओचा पल्ला थोडाच असतो, म्हणून सफरीचा मार्ग, परतण्याची वेळ आणि त्यानंतर किती वेळाने मदत मागवायची, हे जमिनीवरच्या एका विश्वासू माणसाला लिहून द्यावे.

ट्रेलर जोडणे आणि भार लावणे

ट्रेलर दोन चाकांचा असावा आणि त्याचा दांडा मागच्या चाकाच्या आसाशी जोडता आला तर चांगले, कारण सीटखालच्या नळीला जोडलेला ट्रेलर ब्रेक मारताना सायकलला वरून ढकलतो. लांब कॅनूचे टोक मागच्या चाकावर येत असल्याने काही वेळा सीटखालची जोडणीच शक्य असते. तेव्हा वेग आणखी कमी ठेवावा. जोडणी कोणतीही असली, तरी मुख्य खिळीखेरीज एक जाड पट्टा सायकलच्या सांगाड्याभोवती वेगळा बांधावा.

कॅनूचा तोल ट्रेलरच्या आसापुढे किंचित पडला पाहिजे, इतका की दांडा हाताने उचलताना ३ ते ५ किलोचे वजन जाणवावे. मागे तोल गेला, तर सायकलचे मागचे चाक उचलले जाते आणि ट्रेलर डुलू लागतो. जड वस्तू आसाच्या वर, तळाशी ठेवाव्यात. टोकांत ठेवलेला नांगर वजनाने लहान असला, तरी ट्रेलरचे डुलणे कितीतरी वाढवतो.

कॅनू ट्रेलरला दोन रुंद पट्ट्यांनी आडवी बांधावी आणि एक दोर पुढच्या टोकापासून ट्रेलरच्या दांड्याला न्यावा, म्हणजे ब्रेक लागल्यावर ती पुढे सरकत नाही. पट्टा आवळण्यापूर्वी त्याला एक पीळ द्यावा. सपाट पट्टा वाऱ्यात फडफडतो आणि ती फडफड बक्कल हळूहळू सैल करते. एका पिळाने ती थांबते. निघाल्यावर पहिल्या किलोमीटरनंतर थांबून सगळे पट्टे पुन्हा आवळावेत, कारण सामान तोवर आपापल्या जागी बसलेले असते.

रस्त्यावर

वेग ताशी १० ते १२ किलोमीटर धरावा आणि पहिल्या सफरीत एका बाजूचे अंतर १५ ते २० किलोमीटरपेक्षा जास्त ठेवू नये. वळणावर एक गोष्ट विसरू नये: साडेचार मीटरच्या कॅनूचे जवळजवळ निम्मे अंग आसाच्या मागे असते, त्यामुळे डावीकडे वळताना तिचे शेपूट उजवीकडे, म्हणजे वळणाच्या बाहेर फिरते. तिथे एखादे वाहन किंवा पादचारी असेल, तर टोक त्यालाच लागते. शेपटाला भडक रंगाचे फडके आणि दिवसाही चालू असलेला लाल दिवा लावावा. भाराच्या लांबीविषयी आपल्या भागात काय नियम आहेत, ते आधी पाहून घ्यावे.

उतारावर वेग वाढण्याआधीच दोन्ही ब्रेक मधून मधून दाबावेत, कारण भार मागून ढकलत असताना उशिरा मारलेला जोराचा ब्रेक सायकल आडवी करू शकतो. ट्रेलर डुलू लागला, तर पेडल मारणे थांबवून सरळ रेषेत वेग उतरू द्यावा. पुलांवर आणि मोकळ्या माळावर आडवा वारा कॅनूच्या बाजूवर आदळतो. तो झेपत नसेल, तर उतरून चालावे, त्यात कमीपणा काही नाही.

मी आदल्या संध्याकाळी किनाऱ्याजवळ मुक्काम करण्याच्या पक्षाचा आहे. असे केल्याने पाय रात्रभर विश्रांती घेतात, पहाटेची शांत वेळ हाती लागते आणि संध्याकाळच्या उजेडात किनारा पाहून ठेवता येतो. मुक्कामाची परवानगी आहे की नाही, हे आधी विचारावे.

किनारा पाहणे आणि पाण्यात उतरणे

शक्य असल्यास ओहोटीच्या वेळी किनाऱ्यावर फेरी मारावी. भरतीत दडणारे खडक, चिखलाचे पट्टे आणि वाहणाऱ्या पाण्याच्या नाळी तेव्हा उघड्या असतात. उतरण्याची जागा डोंगराच्या किंवा बांधाच्या आडोशाची असावी. खाडीच्या मुखाशी वाळूचा उथळ बांध असेल, तर ओहोटी लागलेली असताना तो कधीही ओलांडू नये. बाहेर जाणारे पाणी आत येणाऱ्या लाटांना अडवते आणि त्या एकाएकी उभ्या राहून फुटतात.

सायकल आणि ट्रेलर कुठे ठेवायचे हे ठरवताना शेवाळ आणि काटक्यांची सुकलेली रेघ शोधावी. ती उधाणाच्या पाण्याने आखलेली हद्द असते, आणि सायकल तिच्याही वर, पक्क्या वस्तूला कुलूपबंद करून ठेवावी. कॅनू उतरवायला ट्रेलर पाण्यात नेण्याचा मोह टाळावा, कारण खारे पाणी बेरिंगमध्ये शिरले की धुण्याने बाहेर निघत नाही. मऊ वाळूत ट्रेलरची चाके रुतत असतील, तर हवा थोडी कमी करावी, आणि परतीसाठी पंप सोबत आहे याची खात्री करावी.

उतरण्यापूर्वी दहा-पंधरा मिनिटे नुसते उभे राहून लाटा पाहाव्यात. मोठ्या लाटा गटाने येतात आणि गटांमध्ये थोडा शांत काळ असतो. तो शांत काळ आला की कॅनूचे टोक लाटांकडे सरळ धरून गुडघ्याएवढ्या पाण्यात बसावे आणि फुटणाऱ्या पट्ट्यातून न थांबता वल्हवत बाहेर पडावे. बसण्यापेक्षा गुडघ्यांवर टेकणे अधिक स्थिर असते. या वेळी गळ बांधलेला आणि आकड्यावर टोपण घातलेले असावे. लाट कंबरेपेक्षा उंच फुटत असेल, तर त्या दिवशी बाहेर जाऊ नये.

मासेमारी

पाण्यावर स्थिरावल्यावर पहिले काम गळ सोडण्याचे नसून खुणा धरण्याचे आहे. किनाऱ्यावरच्या एकामागे एक असलेल्या दोन वस्तू निवडाव्यात, जसे पुढे एक झाड आणि मागे एका टेकडीचे टोक. त्या एका रेषेत राहिल्या, तर आपण वाहून चाललेलो नाही. झाड टेकडीच्या डावीकडे सरकत असेल, तर आपण उजवीकडे जात आहोत. मासा गळाला लागल्यावर माणसाचे सगळे लक्ष दोरीकडे जाते, म्हणून दर काही मिनिटांनी या खुणा पाहण्याची सवय हवी. किनाऱ्यापासूनचे अंतर तीन-चारशे मीटरच्या आत असावे, आणि जिथून पोहत परतता येणार नाही असे वाटते, तिथे आपण आधीच फार दूर आलेलो असतो.

मासे बहुधा कडेला मिळतात: खडक संपून वाळू सुरू होते तिथे, खोल नाळीच्या काठाला, किंवा वेगवान आणि संथ पाणी एकमेकांना घासते त्या रेघेवर. पक्षी एकाच जागी सूर मारत असतील, तर खाली लहान मासे वर ढकलले जात आहेत, असे समजावे. कॅनूतून मला तीन पद्धती सोयीच्या वाटतात. जाता-येता कृत्रिम आमिष १५ ते २५ मीटर मागे सोडून हळू वल्हवावे. हवेने सरकत असताना ६० ते १०० ग्रॅमचे शिसे लावून आमिष तळाजवळ खालीवर हलवावे. किंवा नांगर टाकून एका जागी थांबावे. गळाची कांब (काठी) दोन मीटरच्या आसपास, आखूड असावी. तीन आकड्यांच्या गळाऐवजी एकेरी, टोकाशी उलटा काटा नसलेला आकडा लावावा, कारण उड्या मारणारा मासा आणि उरलेले मोकळे आकडे एकत्र आपल्या मांडीजवळ येतात.

नांगराबाबत सर्वाधिक सावधगिरी हवी. दोर खोलीच्या किमान तिप्पट, वारा असल्यास पाचपट लांब लागतो. तो नेहमी कॅनूच्या टोकाकडून सोडावा, कधीही मधल्या कडेवरून नाही, कारण आडव्या कॅनूला प्रवाह एका बाजूने खाली ओढतो. दोराच्या वरच्या टोकाला तरंगता गोळा बांधून ठेवावा, म्हणजे वेळ पडल्यास दोर सोडून देता येतो आणि नंतर परत मिळतो. नांगर खडकात अडकू नये म्हणून एक युक्ती आहे: दोर आणि नांगर यांच्यामधली साखळी नांगराच्या वरच्या कडीला न बांधता तळाच्या टोकाला पक्की बांधावी आणि वरच्या कडीशी फक्त एका पातळ प्लास्टिकच्या बंधाने अडकवावी. नांगर अडकला आणि जोर लावला, की तो बंध तुटतो आणि नांगर उलट्या बाजूने सुटून येतो. नांगर आणि हा बंध दोन्ही आधी उथळ पाण्यात वापरून पाहावेत.

गळ तळाला अडकला, तर कडेवरून वाकून ओढू नये. डोके कॅनूच्या कडेबाहेर गेले की शरीराचा भारही तिकडेच जातो. कॅनू फिरवून उलट्या दिशेने ओढून पाहावे, नाहीतर दोरी कापावी. मासाही जाळ्यानेच आत घ्यावा. ज्याची ओळख पटत नाही, ज्याला विषारी काटे आहेत किंवा जो अंग फुगवतो, असा मासा कॅनूत न आणता आकडा पाण्यावरच सोडवून किंवा दोरी कापून सोडून द्यावा. किमान आकार, बंदीचा काळ आणि परवाना यांचे नियम जागोजागी वेगळे असतात. वल्ह्याच्या दांड्यावर सेंटिमीटरच्या खुणा करून ठेवल्या, तर मासा मोजायला वेगळी पट्टी लागत नाही.

मासे ताजे राखणे

ही पायरी पुष्कळांच्या आखणीत नसते, पण सायकलने परतायचे असल्यामुळे तिला विशेष महत्त्व आहे. बांगडा, ट्यूना यांच्या कुळातल्या माशांत हिस्टिडीन मुबलक असते. मासा उन्हात राहिला, की जिवाणू त्याचे हिस्टामिन करतात, आणि ते शिजवल्याने नष्ट होत नाही. मासा दिसायला चांगला असला, तरी खाल्ल्यावर अंग लाल होणे, डोके दुखणे, उलट्या अशी बाधा होऊ शकते. म्हणून मासा ठेवायचा असेल तर लगेच डोक्यावर एक नेमका घाव घालून मारावा, कल्ल्यांपाशी चिरून रक्त काढावे आणि बर्फात घालावा. उष्ण हवेत माशाच्या वजनाइतका बर्फ लागतो. चार किलो बर्फ नेला असेल, तर चार किलो मासे झाले की गळ आवरावा. बर्फाचा काही भाग पिण्याच्या पाण्याच्या गोठवलेल्या बाटल्यांच्या रूपाने न्यावा, म्हणजे तेच पाणी परतीच्या वाटेवर प्यायला मिळते.

किनाऱ्याला लागणे आणि परतणे

ठरलेली वेळ झाली की मासे लागत असले तरी परतावे. आत येताना पुन्हा लाटांच्या गटांमधला शांत काळ निवडावा आणि कॅनू लाटांशी काटकोनात ठेवावी. ती आडवी होऊ लागली, तर वल्हे मागे धरून सरळ करावी. उडी मारायची वेळ आली, तर समुद्राच्या बाजूला मारावी. पाण्याने भरलेली कॅनू आणि किनारा यांच्यामध्ये कधीही उभे राहू नये, कारण पुढची लाट ते सगळे वजन आपल्या पायांवर आणते. खोल पाण्यात उलटलो, तर कॅनू सोडून पोहत सुटू नये; ती तरंगते आणि शोधणाऱ्यांना माणसाच्या डोक्यापेक्षा कितीतरी आधी दिसते. तिच्यात पुन्हा चढण्याचा सराव ऊबदार, उथळ पाण्यात, लाइफ जॅकेट घालून, आधीच केलेला असावा.

किनाऱ्यावर आल्यावर निदान अर्धा तास बसावे, कोरडे कपडे घालावेत आणि भूक नसली तरी काही खावे. मासे इथेच साफ केले, तर भारही कमी होतो. कॅनूतले पाणी पूर्ण निथळावे, कारण तळाशी राहिलेले दहा लिटर म्हणजे चढावर दहा किलो. निघण्यापूर्वी टायरची हवा, पट्टे, जोडणीची खिळी आणि ब्रेक पुन्हा तपासावेत, आणि जमिनीवरच्या त्या माणसाला आपण बाहेर आल्याचे कळवावे.

घरी पोहोचल्यावर सगळ्यात आधी सायकलची साखळी, ब्रेक, ट्रेलरची चाके, रील (गळाची दोरी गुंडाळायचे चाक) आणि बक्कल गोड्या पाण्याने, जोराचा फवारा न मारता, धुवावीत. जोराच्या फवाऱ्याने मीठ बेरिंगच्या आत जाते. साखळी पुसून सुकल्यावर तेल द्यावे, रीलचा दाब सैल करून ठेवावा आणि हवेच्या पिशव्या अर्धवट फुगवून सावलीत वाळवाव्यात. लाइफ जॅकेट उन्हात टाकू नये. मग भरतीची, वाऱ्याची आणि प्रत्यक्ष लागलेल्या वेळेची नोंद वहीत करावी, म्हणजे पुढच्या सफरीची परतीची वेळ अंदाजाने न ठरवता या नोंदीवरून ठरवता येते.